मल्हारराव गायकवाड : खरा जुलूम आणि न सिद्ध झालेले विष

बडोद्याच्या गादीवर मल्हारराव गायकवाड जेमतेम साडेचार वर्षे होते. नोव्हेंबर १८७० मध्ये त्यांना राज्य मिळाले आणि एप्रिल १८७५ मध्ये इंग्रज सरकारने त्यांना पदच्युत करून मद्रासला धाडले. तेथेच १८८२ साली त्यांचा अंत झाला. त्यांच्यामागून आलेल्या तिसऱ्या सयाजीराव महाराजांची कारकीर्द त्रेसष्ट वर्षांहून अधिक चालली आणि ती एवढी उजळ ठरली की, आधीच्या राजाकडे मागे वळून पाहण्याची गरज फारशी कोणाला वाटली नाही. मल्हाररावांची आठवण उरली ती सोन्याच्या तोफा, हिऱ्याची पूड घातलेले सरबत आणि जुलमी कारभार या तीन गोष्टींपुरती.

सध्या मात्र हे चरित्र पुन्हा उघडून पाहावे असे दिवस आहेत. जुलै २०२४ मध्ये पुण्यातील एका मेळाव्यात अमित शहा यांनी उद्धव ठाकरे यांना औरंगजेबाच्या चाहत्यांचे पुढारी ठरवले. ऑगस्टमध्ये त्याच पुण्यात ठाकरे यांनी शहा यांचे नाते अहमदशाह अब्दालीशी जोडले. मार्च २०२५ मध्ये काँग्रेसचे प्रदेशाध्यक्ष हर्षवर्धन सपकाळ यांनी देवेंद्र फडणवीस यांच्या कारभाराची तुलना औरंगजेबाच्या कारभाराशी केली आणि त्यावरून विधिमंडळापर्यंत खडाजंगी झाली. प्रत्येक वेळी क्रम तोच राहिला. एकाने नाव घ्यायचे, दुसऱ्याने निषेध करायचा, माफीची मागणी व्हायची, आणि ज्या कारभाराविषयी मूळ तक्रार होती तो कारभार चर्चेतून नाहीसा व्हायचा. दीडशे वर्षांपूर्वी बडोद्यात एका खऱ्याखुऱ्या जुलमी राजाच्या बाबतीत नेमके हेच घडले होते. तेथे उपमेच्या जागी विषप्रयोगाचा सनसनाटी आरोप होता, एवढाच फरक.

पाद्र्याच्या कैदेतून गादीवर

मल्हाररावांचा जन्म १८३१ चा. दुसऱ्या सयाजीरावांच्या मुलांपैकी गणपतराव १८४७ मध्ये आणि त्यांच्यानंतर खंडेराव १८५६ मध्ये गादीवर बसले. १८५७ च्या उठावात खंडेराव इंग्रजांच्या बाजूने ठाम उभे राहिले. त्याची बक्षिसी त्यांना मिळाली आणि पुढे दत्तकाचा अधिकार देणारी सनदही मिळाली. खंडेराव शौकीन होते. कुस्त्या, शिकार, रत्ने यांवर ते हात सैल सोडून खर्च करीत. चांदीच्या तोफा त्यांनीच ओतून घेतल्या आणि मोत्यांचा प्रसिद्ध गालिचाही त्यांच्याच हौसेतून घडला.

धाकटा भाऊ मात्र या वैभवाच्या सावलीत वाढला आणि संशयाचा धनी झाला. खंडेरावांच्या जिवावर उठल्याचा आरोप मल्हाररावांवर आला आणि १८६३ च्या सुमारास त्यांची रवानगी बडोद्याजवळच्या पाद्रा गावी कैदेत झाली. तो आरोप रीतसर चौकशीत कधी तपासला गेला नाही. राजाने भाऊ गुन्हेगार ठरवला आणि भाऊ कैदेत गेला. वयाच्या बत्तिशीपासून चाळिशीच्या उंबरठ्यापर्यंतची वर्षे मल्हाररावांनी तेथे काढली. राज्यकारभार शिकण्याच्या त्या वयात त्यांना दरबार दिसला नाही, दफ्तर दिसले नाही, रयत दिसली नाही. बडोद्यातील कोणत्या माणसांनी आपल्याला येथे आणले, याचा हिशेब मात्र त्यांच्या मनात पक्का होत गेला.

२८ नोव्हेंबर १८७० रोजी खंडेराव अचानक वारले. त्यांना मुलगा नव्हता. पाद्र्याच्या कैदेतला भाऊ बडोद्यात आणला गेला. परंतु खंडेरावांच्या पत्नी जमनाबाई त्या वेळी गरोदर होत्या. मुलगा झाला असता तर गादी त्याची झाली असती. काही महिने मल्हारराव राजे होते आणि नव्हतेही. जुलै १८७१ मध्ये जमनाबाईंना मुलगी झाली आणि मल्हाररावांचे राज्य निर्वेध झाले. जमनाबाई पुण्यास राहू लागल्या. हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरला.

जुलमाची कलमे

मल्हाररावांच्या राज्याची सुरुवात सूडाने झाली. खंडेरावांच्या मर्जीतले अधिकारी, सरदार, आश्रित यांच्यावर एकामागून एक संक्रांत आली. इनामे जप्त झाली, नेमणुका काढून घेण्यात आल्या, माणसे तुरुंगात गेली. खंडेरावांचे कारभारी भाऊ शिंदे तुरुंगातच मरण पावले आणि त्यांना विष घातल्याचा संशय गावभर पसरला. सावकारी पेढ्यांच्या मालमत्तेवर टाच आली. बडोदे हे त्या काळी मोठमोठ्या सराफी पेढ्यांचे शहर होते. राजाला कर्ज देणारी पेढीच राजापासून सुरक्षित राहिली नाही, तेव्हा व्यापाराची घडी मोडणे ओघानेच आले.

रयतेचे हाल वेगळे होते. खंडेरावांच्या काळात वाढलेला सारा मल्हाररावांनी हलका केला नाही. उलट नव्या राजाच्या राज्यारोहणाचा नजराणा म्हणून आणखी रकमा वसूल झाल्या. अंमलदारांनी पद मिळवण्यासाठी दरबारात पैसा भरायचा आणि तो शेतकऱ्याकडून काढायचा, ही रीत रूढ झाली. उत्तर भागातल्या ठाकूर जमीनदारांनी पैसे देण्याचे नाकारले आणि तंटा पेटला. कारभार नातलगांच्या आणि खुशामत्यांच्या हाती गेला.

सर्वांत गंभीर तक्रार स्त्रियांची होती. अब्रूदार घरांतल्या बायकांना जबरदस्तीने राजवाड्यात नेऊन लौंडी म्हणून ठेवले जाते, हा आरोप पुढे अधिकृत चौकशीतही टिकला. याच काळात नजरबागेवर आणि दागदागिन्यांवर पैसा वाहत होता. भावाच्या चांदीच्या तोफांना उत्तर म्हणून मल्हाररावांनी सोन्याच्या तोफा करून घेतल्या. त्या युद्धासाठी नव्हत्या. सणासमारंभात बैल जोडून मिरवण्यासाठी होत्या. तिजोरी रिती होत चालल्याचे एवढे बोलके चिन्ह शोधून सापडले नसते.

१८७३ मध्ये कर्नल रॉबर्ट फेअर हे बडोद्याचे नवे रेसिडेंट म्हणून आले. स्वभावाने ते कडक, आग्रही आणि वाद ओढवून घेणारे होते. त्यांच्या अहवालांवरून सरकारने त्या वर्षाच्या अखेरीस चौकशी समिती नेमली. कर्नल मीड अध्यक्ष होते आणि जयपूरचे नबाब फैज अलीखान हे एक सभासद होते. समितीने बडोद्यात बसून तक्रारी ऐकल्या. येथे तिच्या कामाची पद्धत लक्षात घेण्याजोगी आहे. प्रत्येक कलम वेगळे तपासले गेले. सरदारांची तक्रार वेगळी, सावकारांची वेगळी, शेतकऱ्यांची वेगळी, स्त्रियांची वेगळी. काही तक्रारी टिकल्या नाहीत, तर तसे नोंदवले गेले. बहुतेक गंभीर कलमे टिकली. त्या आधारे व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांनी २५ जुलै १८७४ रोजी महाराजांना खलिता पाठवून कारभार सुधारण्यासाठी ३१ डिसेंबर १८७५ पर्यंतची मुदत दिली.

परकी सत्ता कितीही स्वार्थी असली, तरी ही प्रक्रिया तुलनेने सरळ होती. आरोप होते, तपास होता, निष्कर्ष होता आणि सुधारण्याची संधी होती. तिचे पुढे काय झाले, हा या चरित्राचा मध्य आहे.

दादाभाईंचे बडोदे

या पेचातून सुटण्यासाठी मल्हाररावांनी दिवाणपदासाठी एक अनपेक्षित माणूस निवडला. लंडनमध्ये हिंदुस्थानची बाजू मांडणारे दादाभाई नौरोजी बडोद्यास आले. त्यांनी सोबत बाळ मंगेश वागळे, होरमसजी वाडिया, काझी शहाबुद्दीन अशी नव्या शिक्षणात तयार झालेली माणसे आणली. न्याय, फौजदारी आणि मुलकी कारभार त्यांच्याकडे वाटून देण्यात आला. लाचेला आळा घालणे, न्यायालयांना शिस्त लावणे, शेतसाऱ्याचा बोजा कमी करणे अशी कामे त्यांनी हाती घेतली.

दादाभाईंची स्थिती विचित्र होती. एका बाजूने जुने दरबारी त्यांच्या वाटेत काटे पेरीत होते आणि महाराज स्वतः पूर्ण मोकळीक देत नव्हते. दुसऱ्या बाजूने रेसिडेंट फेअर यांचा त्यांच्यावर विश्वास नव्हता, आणि ते तो लपवीतही नव्हते. महाराजांविरुद्ध तक्रार घेऊन येणाऱ्याला रेसिडेन्सीचे दार उघडे असे. त्यामुळे दिवाणाचा अधिकार कागदावर राही. मे १८७४ मध्ये मल्हाररावांनी लक्ष्मीबाईंशी विवाह केला. त्या विवाहाच्या वैधतेवर वाद झाला, फेअर समारंभापासून दूर राहिले, आणि ऑक्टोबरमध्ये जन्मलेल्या मुलाच्या वारसाहक्काचा प्रश्न त्यात मिसळला. संबंध विकोपाला गेले. २ नोव्हेंबर १८७४ रोजी दरबाराने व्हाइसरॉयला खलिता लिहून फेअर यांची बदली मागितली.

यानंतर अवघ्या आठवड्याने, ९ नोव्हेंबरच्या सकाळी, फेअर फिरून परत आले आणि नेहमीप्रमाणे टेबलावर ठेवलेले पपनसाच्या रसाचे सरबत त्यांनी घेतले. दोन-तीन घोटांतच त्यांना कसेसे वाटू लागले. उरलेले त्यांनी ओतून टाकले, तेव्हा पेल्याच्या तळाशी गाळ दिसला. रासायनिक तपासणीत त्यात सोमल आणि हिऱ्याच्या पुडीसारखा कठीण चुरा असल्याचे सांगण्यात आले.

सरकारने फेअर यांना बाजूला करून सर लुइस पेली यांना पाठवले. म्हणजे दरबाराची मागणी एका अर्थी मान्य झाली. पण तोवर विषाचे प्रकरण सगळ्यावर चढले होते. मुंबईचे पोलीस आयुक्त फ्रँक साउटर तपासाला आले. रेसिडेन्सीतले हवालदार रावजी आणि जमादार नरसू यांनी कबुली दिली. महाराजांचे खासगी चिटणीस दामोदरपंत यांनी माफीच्या बदल्यात साक्ष देण्याचे मान्य केले. जानेवारी १८७५ मध्ये दादाभाई आणि त्यांचे सहकारी बाहेर पडले. त्याच महिन्यात मल्हाररावांना अटक झाली आणि राज्याचा कारभार इंग्रज सरकारने तात्पुरता आपल्या हाती घेतला. सुधारणेसाठी दिलेली मुदत संपायला अजून जवळपास वर्ष बाकी होते.

तीन विरुद्ध तीन

२३ फेब्रुवारी १८७५ रोजी बडोद्याच्या छावणीत चौकशी आयोगाचे काम सुरू झाले. गादीवरच्या संस्थानिकाविरुद्ध असा उघड चौकशीचा प्रसंग देशाने पाहिला नव्हता. सहा सभासदांपैकी तीन इंग्रज होते. बंगालचे सरन्यायाधीश सर रिचर्ड काउच अध्यक्ष होते, त्यांच्यासोबत सर रिचर्ड मीड आणि फिलिप मेलव्हिल होते. तीन हिंदी होते. ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराजा रामसिंह आणि ग्वाल्हेरचे माजी दिवाण सर दिनकरराव राजवाडे. दिनकरराव मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील देवरूखचे. सरकारतर्फे मुंबईचे ॲडव्होकेट जनरल स्कोबल उभे राहिले. महाराजांच्या बचावासाठी लंडनहून नामांकित वकील सार्जंट बॅलंटाइन आले.

बॅलंटाइन यांनी साक्षीदारांना उलटतपासणीत घेतले. रावजी आणि नरसू स्वतःला गुन्ह्यात सामील सांगणारे होते. पोलिसांच्या ताब्यात असताना त्यांनी कबुली दिली होती. दामोदरपंतांची साक्ष माफीच्या मोलाने आली होती. या तिघांना सोडून महाराजांपर्यंत पोचणारा स्वतंत्र पुरावा कोणता, हा बचावाचा मुख्य प्रश्न होता. शिवाय ज्या रेसिडेंटची बदली नुकतीच रीतसर मागितली, त्याच्यावर लगेच विषप्रयोग करून आपल्याच पायावर धोंडा कोण पाडून घेईल, असाही मुद्दा होता. सरकार पक्षाचे म्हणणे असे की, फेअर यांच्याविषयीचा द्वेष उघड आहे, राजवाडा आणि रेसिडेन्सीतले नोकर यांच्यात गुप्त भेटी झाल्या आहेत आणि पैसाही पोचला आहे. महाराजांनी आरोप साफ नाकारला.

मार्चअखेरीस आयोगाचे मत आले. तिन्ही इंग्रजांनी महाराजांना दोषी ठरवले. शिंदे आणि दिनकरराव यांना आरोप सिद्ध झालेला दिसला नाही, आणि जयपूरच्या महाराजांनीही मल्हाररावांना दोषी मानले नाही. मते रंगाप्रमाणे विभागली गेली. या तीन हिंदी सभासदांपैकी कोणी इंग्रजांचा शत्रू नव्हता. १८५७ मध्ये जयाजीराव आणि दिनकरराव इंग्रजांच्या पाठीशी उभे राहिले होते. त्यामुळे त्यांच्या मताला पक्षपात म्हणून झटकून टाकणे सरकारला सोपे नव्हते.

मग सरकारने वेगळी वाट धरली. १९ एप्रिल १८७५ च्या जाहीरनाम्याने मल्हाररावांना पदच्युत केले गेले. विषप्रयोगाच्या निष्कर्षाचा आधार त्यात घेतला नव्हता. बदनाम वर्तन, राज्यातील घोर गैरकारभार आणि सुधारणा करण्याची असमर्थता ही कारणे देण्यात आली. त्यांच्या वंशजांचाही गादीवरचा हक्क संपवला गेला. महाराजांना विशेष गाडीने मद्रासला नेण्यात आले. बडोद्यात काही काळ खळबळ माजली, ती लष्कराने शमवली.

या निकालाची विसंगती लोकांच्या तत्काळ ध्यानात आली. गैरकारभार हेच कारण असेल, तर त्यासाठी दिलेली मुदत का पाळली नाही? आणि विष हे कारण असेल, तर ते सिद्ध कुठे झाले? चौकशी एका गुन्ह्याची झाली होती आणि शिक्षा दुसऱ्याची देण्यात आली होती.

जुलमी राजा, लोकांचा राजा

येथून एक चमत्कारिक उलटापालट घडली. साडेचार वर्षे ज्याच्या कारभाराने प्रजा गांजली होती, तो राजा देशभर सहानुभूतीचा विषय झाला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने या प्रकरणात लक्ष घातले. कलकत्त्याच्या अमृत बझार पत्रिकेने सरकारवर जहाल टीका केली. बंगाली रंगभूमीवर अमृतलाल बसू यांचे हीरकचूर्ण हे नाटक आले, त्याच्या नावातच ती हिऱ्याची पूड होती. मराठीत नारायण बापूजी कानिटकर यांनी मल्हाररावांवर नाटक लिहिले. वासुदेव बळवंत फडके यांच्या मनावर या पदच्युतीचा खोल परिणाम झाला आणि त्यांनी सरकारविरोधी भाषणांना आरंभ केला. चार वर्षांनी त्यांचे बंड देशाला माहीत झाले.

पुढल्याच वर्षी, १८७६ मध्ये, नाट्यप्रयोगांवर नियंत्रण ठेवणारा कायदा झाला. बंगाली रंगभूमीवर वाढत चाललेली राजकीय नाटके त्यामागे होती. १८७८ मध्ये देशी भाषांतील वृत्तपत्रांवर निर्बंध आले.

लोकांचा हा राग चुकीचा होता असे म्हणता येणार नाही. परकी सरकारने स्वतःच आरोप करावा, स्वतःच तपास करावा, मते समसमान पडल्यावर स्वतःच कारण बदलावे, हे कोणत्याही स्वाभिमानी समाजाला सलणारच. परंतु या रागाची किंमत कोणी मोजली, हेही पाहिले पाहिजे. राजवाड्यात ओढून नेलेल्या बायका, पेढ्या बुडालेले सावकार, नजराण्यासाठी बैल विकणारा कुणबी यांची बाजू १८७३ च्या समितीसमोर नोंदली गेली होती. १८७५ मध्ये विषाचा पेला मधे आला आणि ही माणसे दृष्टिआड झाली. इंग्रजांना ती केवळ जाहीरनाम्याच्या एका वाक्यापुरती लागली. देशभक्तांना ती अडचणीची वाटली, कारण त्यांची तक्रार खरी मानली की सरकारच्या हाती कोलीत जात होते. मल्हाररावांवरचा जो आरोप खरा होता, तो न सिद्ध झालेल्या आरोपाने झाकून टाकला.

नावांचे हत्यार

मराठी राजकारणाला नावांचे हे हत्यार पुढेही हाताशी राहिले. १८९७ मध्ये शिवाजी महाराज आणि अफझलखान यांच्या प्रसंगावरील केसरीतला मजकूर टिळकांवरील राजद्रोहाच्या खटल्यात पुढे आला. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या कीचकवध नाटकात प्रेक्षकांनी लॉर्ड कर्झनला ओळखले आणि १९१० मध्ये त्यावर बंदी आली. त्या काळी अशा तुलनेमागे सबळ कारण होते. उघड बोलण्याची सोय नव्हती. सत्ताधीशाचे नाव घेतले की तुरुंग होता, म्हणून कीचकाचे नाव घ्यावे लागे. पडद्यामागून बोलणे ही गरज होती.

आज तो पडदा नाही. मंत्र्याचा निर्णय, त्याची तारीख, त्यावरचा खर्च, त्याने नाडलेली माणसे हे सारे नावानिशी सांगता येते. विधानसभेत प्रश्न विचारता येतो, न्यायालयात जाता येते, माहितीचा अधिकार आहे. ही साधने हाती असताना औरंगजेब किंवा अब्दाली पुढे करणे म्हणजे कष्टाचे काम टाळणे होय. आणि त्याचा लाभ बहुधा ज्याच्यावर टीका केली त्यालाच होतो. मल्हाररावांप्रमाणे तोही मूळ कलमांची उत्तरे देण्यातून सुटतो आणि वर अन्याय झाल्याची सहानुभूती मिळवतो.

बडोद्याला या गोष्टीचा अनुभव बरोबर शंभर वर्षांनी पुन्हा आला. जून १९७५ मध्ये आणीबाणी पुकारली गेली. विरोधकांनी इंदिरा गांधी यांची तुलना हिटलरशी केली, आणि त्यांच्या बाजूने जयप्रकाशांच्या आंदोलनाला फॅसिस्ट ठरवले गेले. भूमिगत जॉर्ज फर्नांडिस यांच्यावर जो खटला भरला गेला, तो बडोदा डायनामाइट खटला म्हणूनच ओळखला जातो. कोकण रेल्वेमुळे आपल्याला जवळचे वाटणारे हेच फर्नांडिस १९७७ मध्ये तुरुंगातूनच निवडणूक जिंकले आणि जनता सरकारने खटला मागे घेतला. आणीबाणीचा खरा हिशेब हिटलरच्या नावात नाही. तो विनाचौकशी डांबलेल्या माणसांत, कापून टाकलेल्या बातम्यांत आणि सक्तीच्या नसबंदीत आहे. शहा आयोगाने तो कलमवार मांडला, म्हणूनच तो आजही वाचता येतो.

गोव्याला हे वेगळे सांगायला नको. हुकूमशहा हा शब्द आपल्याकडे पुस्तकातून आलेला नाही. सालाझारच्या राजवटीत १९३० च्या वसाहत कायद्याने गोमंतकीयांना दुय्यम ठरवले आणि लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांनी त्याविरुद्ध ठराव मांडला. त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना लष्करी न्यायालयाने शिक्षा ठोठावून पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात पाठवले. छापील शब्दावर सेन्सॉर होता, सभेला बंदी होती. ज्यांनी हे सोसले त्यांच्या लेखी सालाझार हे केवळ एक जहाल विशेषण नव्हते. निवडणुकीच्या भाषणात ते नाव कोणाच्याही गळ्यात बांधले, की त्या माणसांनी भोगलेल्या वर्षांचे वजन तेवढे कमी होते. म्हणून कोणालाही हुकूमशहा म्हणूच नये, असे नाही. कधी तसे म्हणणे भाग पडते. पण म्हणणाऱ्याने आधी कलमे मांडावीत.

मद्रासचा शेवट

मल्हारराव मद्रासला गेल्यावर जमनाबाई पुण्याहून परतल्या. त्यांना दत्तक घेण्याची मुभा मिळाली. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या गायकवाड घराण्यातला बारा वर्षांचा गोपाळराव निवडला गेला आणि २७ मे १८७५ रोजी तो सयाजीराव झाला. तंजावरकडच्या मराठी घराण्यातले सर टी. माधवराव यांनी दिवाण म्हणून कारभाराची घडी बसवली. दादाभाईंना जी मोकळीक व रेसिडेंटचा पाठिंबा कधी मिळाला नाही, तो माधवरावांना पहिल्या दिवसापासून मिळाला. बडोद्याच्या पुढच्या प्रगतीचे श्रेय मोजताना हा फरक विसरता कामा नये. डिसेंबर १८८१ मध्ये सयाजीरावांनी स्वतः कारभार हाती घेतला. पुढे सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण आले, ग्रंथालये आली, बँक आली. हे सर्व ज्या मुलाने उभे केले, त्याचे गाव मल्हारराव गादीवर असताना बडोद्यात क्वचितच कोणाला ठाऊक असेल.

मल्हाररावांच्या वाट्याला दोन कैदा आल्या. पहिली भावाने दिली, दुसरी सरकारने. पहिल्या वेळी आरोप तपासलाच गेला नाही. दुसऱ्या वेळी तपासला गेला, पण सिद्ध न होताच शिक्षा झाली. या दोन्ही बाबतींत त्यांच्यावर अन्याय झाला, हे मान्य करावे लागते. मधल्या साडेचार वर्षांत त्यांनी जे केले ते अन्यायाचेच होते, हेही तितकेच मान्य करावे लागते. एका बाजूने त्यांना राक्षस ठरवण्याची घाई होती, दुसऱ्या बाजूने हुतात्मा करण्याची. दोन्ही बाजूंना राजा पुरत होता, रयत नको होती.

त्या खटल्याचा वृत्तान्त आजही ग्रंथरूपाने मिळतो. त्यात पपनसाचे सरबत आहे, सोमल आहे, सार्जंट बॅलंटाइनची उलटतपासणी आहे. मीड समितीपुढे दाद मागायला आलेल्या बायकांची आणि कुणब्यांची नावे मात्र शोधावी लागतात. बडोद्यातल्या जुलमाचे खरे साक्षीदार तेच होते.